शून्याचे निम्मे

मोहटोला येथील प्राथमिक शाळेत एकूण तेवीस विद्यार्थी असून त्यांपैकी एकही विद्यार्थी इंटरनेट वापरत नाही, ही बाब वरच्या कार्यालयाच्या लक्षात यायला बराच उशीर झाला. लक्षात आली तेव्हा मात्र कार्यालयाने ती अतिशय गांभीर्याने घेतली.

या प्रकरणात माझा हितसंबंध आहे, तो आधीच सांगून टाकते. तेविसांतली एक माझी आहे. सोनिका, वय वर्षे नऊ, इयत्ता चौथी. आम्ही गोंदियात होतो तेव्हा तिला भाताचा घास मोबाईल दाखवल्याशिवाय गिळता येत नसे. मी बी.एस्सी. झालेली बाई. वहीत रेघा मारून हिशेब ठेवायची : सकाळी चाळीस मिनिटं, जेवताना पन्नास, शाळेतून आल्यावर मोजता येणार नाहीत इतकी. फोन तांदळाच्या कोठीत लपवून पाहिला, तर तिने शेजाऱ्याच्या फोनवरून रिंग देऊन कोठी शोधून काढली. तिला तीन हाका मारल्या की तिसऱ्या हाकेला ती म्हणायची, "हं." त्या 'हं'मध्ये प्रश्न नव्हता, उत्तरही नव्हतं. आतून कडी लावून घेतल्याचा आवाज होता नुसता.

सोनिकाचे बाबा, ओमेश्वर टेंभरे, वनरक्षक आहेत. त्यांची बदली मोहटोल्याला झाली. दरेकसा स्टेशनापासून डोंगरात पायी पाऊण तास, आणि रेंज नाही. नातेवाईक सांत्वनाला आले. "साहेबाशी भांडण झालं का गा?" असं मामंजींनी हळूच विचारलं. मी सगळ्यांना पेढे वाटले.

पहिले चाळीस दिवस सोनिका ओट्यावर बसून राहायची. डावा तळवा डोळ्यांपुढे धरायचा आणि उजव्या अंगठ्याने त्याच्यावरून काहीतरी वर सरकवत राहायचं. मी खांबाआडून बघायची. देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. मग फाल्गुनात एकदा शेजारच्या सुमित्राबाईंनी पहाटे आम्हा दोघींना मोह वेचायला सोबत नेलं. झाडाखाली सोनिका एकदम थांबली.

"आई, ऐक."

"काय गं?"

"ऐक ना."

टप. मोहाचं फूल पडलं. मग पलीकडे आणखी एक. टप. ती माझा हात धरून उभी होती आणि पुढच्या फुलाची वाट बघत होती. त्या दिवशी तिने मला एकेचाळीस प्रश्न विचारले. मी ते वहीत लिहून ठेवले आहेत. सहाव्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही.

तर असं सगळं नीट चाललेलं असताना, पुढच्या जानेवारीत पत्रक आलं : 'बालकांचा इंटरनेट कालावधी निम्म्यावर आणणे अभियान.' प्रत्येक शाळेने प्रत्येक बालकाचा सध्याचा दैनिक कालावधी नोंदवावा, आणि तो मार्चअखेर निम्मा करून दाखवावा.

आमचे मुख्याध्यापक शालीकराम गुरुजी. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही खोटी नोंद केलेली नाही. एकदा स्वतः चार मिनिटं उशिरा आले, तर हजेरीपटावर स्वतःच्या नावापुढे लाल शेरा मारून त्याखाली मुख्याध्यापक म्हणून सही केली होती. त्यांनी तेवीस नावांपुढे तेवीस शून्यं भरली आणि समाधानाने चहा घेतला.

चौथ्या दिवशी तालुका समन्वयक अंजू मॅडम गोंदियाहून जीपने, आणि जीप अडली तिथून पायी, हजर झाल्या. त्यांच्या सँडलचा एक पट्टा तुटला होता.

"सर, ये झिरो क्या लगा रखा है?"

"मॅडम, आमची मुलं इंटरनेट वापरतच नाहीत."

"वही तो प्रॉब्लेम है ना! झिरोचं आधा किती?"

"शून्य."

"मग प्रगती कुठे दिसली? ग्राफ सपाट येऊन राहिला तुमचा. पूर्ण जिल्हा उताराला लागला आणि तुमची एक शाळा आडवी पडली आहे. वर ग्राफ पाहतात सर, मुलं नाही पाहत. आणि सिस्टिम झिरो घेतच नाही. सुरुवातीचा आकडा तर एक ते बारा तासांमधलाच घेते."

"पण समस्याच नसेल तर?"

"समस्या नसलेली शाळा मी अभियानात बसवू कशी?" मॅडमचा आवाज खरोखर रडवेला झाला होता. "दोन महिने नकाशावर लाल राहिली तर शाळा 'प्रतिसादशून्य' मध्ये जाते. मग समायोजन. पोरं बाजूच्या शाळेत."

बाजूची शाळा म्हणजे अकरा किलोमीटर, मधे जंगल, आणि जंगलात अस्वल. गुरुजींचा चहा थंड झाला.

मॅडमनी तोडगा काढला. "चार तास लिहून टाका. चारचे दोन होतात. दिसायला पण चांगलं दिसते."

"लिहीन," गुरुजी म्हणाले, "पण मग चार तास व्हायला पाहिजेत. खोटा आकडा मी भरणार नाही."

एका प्रामाणिक माणसामुळे किती नुकसान होऊ शकतं, याचा मला त्या दिवसापर्यंत अंदाज नव्हता.

फॉर्ममध्ये आणखी एक रकाना होता : 'बालक इंटरनेट वापरत नसताना काय करते?' त्यात चार पर्याय. प्रशिक्षकासह पोहणे, चित्रकला वर्ग, कीबोर्ड वादन, पाळीव कुत्र्यास फिरवणे. गुरुजींनी पालकसभेत, अंजू मॅडमसमोर, ते वाचून दाखवले. सुमित्राबाई पदर सावरत म्हणाल्या, "आमचा कुत्रा सोताच फिरून येते. त्याले कायले कोन फिरवन?"

"बोरं वेचणे, खेकडे पकडणे, असं लिहिता येईल का?" मी विचारलं.

"ते बालमजुरीत जाते, मॅडम," अंजू मॅडम म्हणाल्या. "नका लिहू." एवढा प्रश्न विचारला म्हणून त्यांनी मला तिथल्या तिथे माता नियंत्रण समितीची अध्यक्ष केलं. गावात पदवीधर बाई मी एकटीच होते.

आता रेंज. गावात ती एकाच ठिकाणी होती, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी जिन्यावर. सातव्या पायरीवर एक दांडी, नवव्या पायरीवर दोन. दोन वर्षांपूर्वी शामकलाला कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा नवरा उदाराम भर पावसात नवव्या पायरीवर उभं राहून गाडीसाठी फोन लावत होता. फोन लागला तोपर्यंत बैलगाडीत पोर जन्माला आलं होतं. त्यानंतर गावाने टॉवरसाठी अर्ज केला. गावची लोकसंख्या निकषात बसत नाही, असं उत्तर आलं. तो कागद उदारामने जपून ठेवला आहे. कशासाठी, ते त्यालाही माहीत नाही.

तर त्या टाकीच्या पायथ्याशी शाळा हलवण्यात आली. अकरा ते तीन. गावातले चार स्मार्टफोन गोळा केले, माझा धरून. एकेका फोनभोवती पाच-सहा पोरं, सगळी जिन्यावर दाटीवाटीने. पहिल्या दिवशी गुरुजींनी घड्याळ लावून नोंद केली : सरासरी कालावधी सात मिनिटे. आठव्या मिनिटाला पोरं नाल्यावर खेकड्याच्या बिळात काड्या घालताना सापडली.

"काऊन रे पळाले?" गुरुजींनी विचारलं.

सुमित्राबाईंचा नातू गुड्डू म्हणाला, "गुरुजी, त्याच्यात सारं दिसते, पन हातात काईच येत नाई."

या वाक्यासाठी त्याला बक्षीस द्यायला हवं होतं. गुरुजींनी त्याला पुन्हा सातव्या पायरीवर बसवलं.

आठवडाभरात आकडा बारा मिनिटांच्या वर जाईना. फेब्रुवारी तोंडावर आला. मुलांना इंटरनेटची सवय लावण्यासाठी प्रशिक्षणाची गरज आहे, असा ठराव झाला. प्रशिक्षक कोण? गुरुजी नारळ घेऊन माझ्या दारात आले.

"भूमेश्वरीताई, सोनिका द्या."

"गुरुजी, ती सुटली आहे हो त्यातून!"

"म्हणूनच म्हणतो. अनुभवी आहे."

मी नाही म्हणाले. चक्क हात जोडले. गुरुजींनीही जोडले. आम्ही दोघं एकमेकांना हात जोडून बराच वेळ उभे होतो. मग ते म्हणाले, "तेवीस पोरं जंगलातून जातील, ताई. तुमची पण त्यात असेल." मी नारळ घेतला.

सोनिका जात्याच हुशार, आणि शिकवण्याची हातोटी बहुधा माझ्याकडून आलेली. पहिला धडा तिने टाकीखाली घेतला तेव्हा मी देखरेखीला होते.

"आई हाक मारन, तर ऐकू येऊ द्यायची नाई," ती म्हणाली. वर्षभरात तिची भाषा गावाची झाली होती. "पहिली हाक सोडून द्यायची. दुसरी बी. तिसरीले म्हनायचं, हं. गुड्डू, म्हन."

"हं?"

"असा नाई. मान वर केली तू. मान खालीच पायजे. आन् विचारल्यावानी नको म्हनू. पुन्हा म्हन."

"हं."

"आता जमलं."

टाकीखाली तेवीस पोरांनी माना खाली घालून एका सुरात सराव केला. हं. हं. हं. मी पदराने डोळे पुसले. गुरुजींना वाटलं, अभिमानाने.

तीन आठवड्यांत पोरं तीन वाजून गेले तरी जिना सोडेनात, आणि सरासरी चार तास दहा मिनिटांवर गेली. गावात पोरांचा आवाज येईनासा झाला. खेकडे भर दुपारी वाटेवर येऊन बसू लागले. सुमित्राबाई दारातून ओरडायच्या, "गुड्डू! ये गुड्ड्या! मेला का बे?" आणि कुठूनतरी उत्तर यायचं, "हं." गुरुजींनी खरेखुरे चार तास भरले. मोहटोला पहिल्यांदा नकाशावर पिवळं झालं. सोनिका घरी यायची, जेवायची, आणि तिचा डावा तळवा पुन्हा डोळ्यांपुढे उचलला जायचा. आता त्यात फोन असायचा. माझ्या वहीतली प्रश्नांची यादी तीनशे बाराव्यावर थांबली.

एवढ्यात दोन पोरं सातव्या पायरीवरून पडली. हात मुरगळण्यावर निभावलं, पण अंजू मॅडमनी फोटो वर पाठवला. 'रेंजअभावी अभियानात अडथळा.' नवव्या दिवशी टॉवर उभा राहिला. कुठला निकष, कुठली लोकसंख्या, कोणी काही विचारलं नाही. माणसं आली, खड्डा खणला, सांगाडा चढवला, गेली. उदाराम दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन तिथे गेला. टॉवरला हात लावून पाहिला. मग पोराचा हात धरून त्यालाही लावायला लावला, आणि घरी आला.

आता दुसरा टप्पा : कपात. चार तासांचे दोन.

पोरं कपातीला तयार नव्हती. त्यांना सवय लावताना तिचा शेवट कसा करायचा, हा धडा अभ्यासक्रमात नव्हता. मी सोनिकाला विचारलं, "तू कशी सोडली होतीस गं?" ती मान वर न करता म्हणाली, "रेंज नव्हती."

वरून उपाय आला. मातांसाठी ॲप. नाव 'माता-साक्ष'. प्रत्येक मातेने दर अर्ध्या तासाने, बालक इंटरनेट वापरत नसल्याचा फोटो काढून चढवावा. फोटोत बालक, सूर्यप्रकाश आणि एक झाड दिसलं पाहिजे. बालक प्रसन्न असावं. त्यासाठी प्रत्येक मातेकडे स्मार्टफोन हवा. आठवड्याभरात गावातले नवरे गोंदियाच्या बाजारातून फोन घेऊन आले आणि अध्यक्ष या नात्याने मी बायांचं प्रशिक्षण घेतलं.

"गार्डीनबाई, हे लाल कायले दाखवून राहिलं?" सुमित्राबाईंनी फोन माझ्या नाकाशी आणला. वनरक्षकाची बायको म्हणून गाव मला गार्डीनबाई म्हणतं.

"फोटो नामंजूर झाला, बाई. बालक प्रसन्न नाही म्हणते."

"कसा राहीन प्रसन्न? फोन हिसकून मीच तर एक ठेवून देली त्याले!"

दुसऱ्यांदा त्यांनी कुत्र्याचा फोटो चढवला. तो मंजूर झाला. कुत्रा प्रसन्न होता.

मग समितीचा ग्रुप झाला. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी अंबाडीच्या भाजीचे प्रकार, संध्याकाळी कोणाच्या सुनेचा नाच. शामकला तर तांदूळ निवडता निवडता व्हिडिओ बघायची, आणि आमच्या ताटात खडे येऊ लागले, म्हणजे तिच्या ताटात, आमच्या ताटात मीच आणत होते. मी मात्र भलतंसलतं काही बघत नव्हते. मी एका बालमानसतज्ज्ञ बाईंची मालिका बघत होते : 'मुलांना मोबाईलपासून दूर कसे ठेवावे', भाग एक ते छप्पन्न. रोज तीन तरी भाग. अतिशय उपयुक्त. सोनिकाचे बाबा एकदा म्हणाले, "भाजीला मीठ नाही." मी म्हणाले, "हं."

आणि चमत्कार झाला. पोरांचा कालावधी चारवरून दोन, दोनवरून पाऊण तास, शेवटी वीस मिनिटांवर आला. घरात फोन तेवढाच, आणि तो आईच्या हातातून सुटेना. पोरं काही दिवस रडली, भांडली, मग कंटाळून नाल्यावर गेली. मोहटोल्याचा ग्राफ असा घसरला की जिल्ह्यात तसा घसरलेला दुसरा ग्राफ नव्हता. गावाला ढाल मिळाली. अंजू मॅडम या वेळी बूट घालून आल्या होत्या. त्यांनी गुरुजींना बाजूला घेऊन बजावलं, "सर, अब बस. झिरो मत होने देना. सिस्टिम घेणार नाही."

शाळा वाचली. इथे ही कथा संपली असती, पण गुरुजी प्रामाणिक. अंतिम अहवालात शेवटचा रकाना होता : 'कमी झालेला कालावधी कोठे गेला?' इतर शाळांनी 'वाचन व संस्कार' असं लिहिलं. गुरुजींनी गावात फिरून, घड्याळ लावून मोजलं आणि लिहिलं : 'मातांकडे.'

वरून तातडीने तिसरा टप्पा आला. मातांचा कालावधी निम्म्यावर आणणे. नियंत्रणासाठी बाल नियंत्रण समिती. अध्यक्ष, अनुभव लक्षात घेऊन, कुमारी सोनिका ओमेश्वर टेंभरे. तिने माझीच जुनी वही मागून घेतली, उलटी केली आणि मागच्या पानांवर रकाने आखले : वेळ, किती हाका मारल्या, आई काय म्हणाली.

आता चैत्र लागला आहे, मोह पुन्हा पडतो आहे. सकाळी सहाच्या सुमाराला सोनिका टोपली घेऊन दारात उभी होती.

"आई, मोह पडून राहिला. चाल ना."

मी फोनवर हीच गोष्ट लिहीत होते. मुलांच्या इंटरनेटबद्दल कोणीतरी चार शब्द लिहायला हवेत, आणि मी शिकलेली आहे.

"आई."

एक वाक्य पुरं व्हायचं होतं.

"आई, ऐक."

"हं," मी म्हणाले.

तिने टोपली खाली ठेवली, वही काढली, नोंद केली, टोपली उचलली आणि सुमित्राबाईंसोबत निघून गेली. सुमित्राबाईंचा फोन चार्ज व्हायचा होता म्हणून त्या गेल्या.

दोघी परत आल्या तेव्हा मी याच पानावर होते. सोनिकाच्या हाताला मोहाचा वास येत होता. ती माझ्या खांद्यावरून वाकून वाचू लागली.

"हे कोन वाचते?"

"लोकं वाचतील."

"किती वेळ लागते वाचायले?"

"दहा-बारा मिनिटं लागतील."

तिने वहीत नवीन पान काढलं आणि वेळेच्या रकान्यात 'दहा-बारा मिनिटं' लिहिलं. नावाची जागा कोरी ठेवली. हाकांचीही.

"हे कोण भरणार?" मी विचारलं.

"वाचते तोच भरन," सोनिका म्हणाली. "त्याच्या घरी एवढ्या वेळात कोनी किती हाका मारल्या, ते त्यालेच मालूम."

तेव्हा वाचकांनी आपलं नाव आणि हाकांची संख्या स्वतः भरावी. शून्य भरू नये. सिस्टिम घेत नाही.